घरच्या घरी लॅपटॉपची बॅटरी बदलायची असेल तर

जीएसटीच्या रिटर्नची शेवटची तारीख, संध्याकाळचे सात वाजलेले आणि लाईट गेली. लॅपटॉपवर बॅटरी ३१ टक्के दिसत होती म्हणून मी निवांत होते, म्हटलं अर्धा तास तरी सहज निघेल, तर दोन मिनिटांत स्क्रीन काळी. दोन दुकानांची खरेदीची बिलं टाकून झाली होती ती सगळी परत टाकायला लागली. दुसऱ्या दिवशी दुकानात विचारलं तर बॅटरी आणि मजुरी धरून साडेपाच हजार आणि लॅपटॉप दोन दिवस ठेवून जायचा, आणि माझं सगळं काम त्यावरच, दोन दिवस कसा ठेवणार. मग घरीच बदलली. त्यानंतर बहिणीच्या आणि शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपचीही बदलली, आणि आता कोणी विचारलं की तेच तेच परत सांगायला लागतं म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट सांगते. स्क्रू काढणं आणि लावणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, वीस-पंचवीस मिनिटांचं. खरं काम त्याच्या आधीचं, म्हणजे बॅटरीच गेलीय ना हे पक्कं करणं आणि बरोबर बॅटरी आणणं. या दोन्हीत घाई केली की पैसे जातात.

तर पहिलं, दोष बॅटरीचाच आहे का ते बघा. चार्जिंगला लावलंय तरी टक्के वाढत नाहीत याचं कारण बऱ्याचदा ॲडॅप्टर असतो. माझा लॅपटॉप डेलचा इन्स्पिरॉन ३५९३, त्याच्या ॲडॅप्टरच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते, ती सुई लॅपटॉपला सांगते की मी इतक्या वॉटचा आहे. सुई वाकली किंवा तिची वायर आतून तुटली की लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज करत नाही. लॅपटॉप चालू करताना एफ२ दाबत राहिलं की बायोस (विंडोज सुरू व्हायच्या आधीची लॅपटॉपची मूळ सेटिंगची स्क्रीन) उघडतं, तिथे ॲडॅप्टर किती वॉटचा ते लिहिलेलं असतं, ४५ किंवा ६५ दिसलं तर ठीक, ओळखता येत नाही असं काही आलं तर आधी कोणाचा तरी तसाच ॲडॅप्टर आणून लावून बघा. शेजारच्या काकूंनी तर नवी बॅटरी ऑर्डर करायला घेतली होती आणि निघाली चार्जरची वायर, त्यांची बॅटरी बदलायची वेळ पुढे सहा महिन्यांनी आली. बायोसमध्येच बॅटरीची तब्येतही दिसते, चांगली, बरी की वाईट. बाकी कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बटण वेगळं असेल, पण बॅटरी टेस्ट बहुतेकांत कुठेतरी असतेच.

दुसरं म्हणजे रिपोर्ट काढा. विंडोजच्या सर्चमध्ये सीएमडी टाईप करून ती काळी खिडकी उघडायची, त्यात इंग्रजीत पॉवरसीएफजी (पॉवरचं पूर्ण स्पेलिंग आणि त्याला जोडून सीएफजी ही तीन अक्षरं), मग एक स्पेस, मग स्लॅश आणि स्लॅशला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं एका शब्दात लिहायचं आणि एंटर. खाली फाईल कुठे सेव्ह झाली ते येतं, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात तीन आकडे बघायचे, डिझाईन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती मावत होतं, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती मावतंय, आणि सायकल काउंट म्हणजे आतापर्यंत किती वेळा पूर्ण भरून वापरून झालीय. माझ्याकडे नवी असताना ४१,९९७ होती ती आता १४,३०० झालेली, म्हणजे ३४ टक्के. साधारण ६० टक्क्यांच्या वर असेल आणि बॅटरी फुगलेली नसेल तर मी अजून थांबा म्हणते, ५०च्या खाली गेली की बदला. मॅकवाल्यांना हे सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ म्हणून टक्क्यातच दिसतं.

मग ३१ टक्के दाखवत असताना एकदम बंद कशी पडते? हे मला आधी कळत नव्हतं, चार्ज आहे तर गेला कुठे. सेल म्हातारे झाले की त्यांचा आतला रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे चार्ज आत असतो पण पटकन बाहेर येत नाही. लाईट जाते, सगळा लोड एकदम बॅटरीवर येतो, व्होल्टेज धाडकन खाली जातं आणि लॅपटॉपला वाटतं बॅटरी संपली. म्हणून टक्क्यांवर विश्वास ठेवून बसू नका. आणि सेल म्हातारे का होतात तर वापराने होतातच, पण उष्णता आणि कायम १०० टक्के भरलेलं असणं या दोन गोष्टी त्यांना लवकर संपवतात. माझा लॅपटॉप २०२० पासून जवळजवळ चोवीस तास चार्जरला, उन्हाळ्यात खिडकीजवळच्या टेबलावर, सायकल काउंट फारसा नव्हता तरी बॅटरी गेली ती यामुळेच.

आता फुगलेल्या बॅटरीबद्दल. हे कृपया वगळू नका.

लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि एका कोपऱ्यावर हलकं बोट टेकवा, डुगडुगतोय का बघा. मग मागच्या बाजूला स्टीलची पट्टी आडवी ठेवून डोळे तिच्या पातळीला आणा, पट्टी आणि कव्हरच्या मध्ये दोन्ही कडांना फट दिसली म्हणजे मध्ये फुगवटा आहे. टचपॅड दाबायला कडक झालाय, क्लिक होत नाही, एका बाजूने वर उचलल्यासारखा वाटतो, झाकण नीट मिटत नाही, हे सगळे त्याचेच प्रकार. माझ्या मावसभावाचा टचपॅड असाच वर आला होता, त्याला वाटलं टचपॅडच खराब झालाय, तर रात्री वरती जाड डिक्शनऱ्या ठेवून दाबायचा प्रयत्न करत होता. मी बघितल्यावर माझ्या पोटात गोळा आला. आत सेलमध्ये गॅस झालेला असतो, त्यावर दाब दिला, वाकवलं किंवा टोचलं तर आतले दोन थर एकमेकांना टेकतात, शॉर्ट होतो आणि पेट घेतो.

फुगलेली असेल तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, परत चार्ज करू नका. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येत असेल तर सेल गळतोय, खिडक्या उघडा आणि त्याला हात लावू नका. फुगलेली बॅटरी स्क्रूने बसवलेली असेल आणि सहज निघत असेल तर एखादा सवयीचा माणूस काळजीने काढू शकतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याने फुगलेल्या बॅटरीवर शिकू नये, ती दुकानात द्या, मजुरी द्या, काही वाटून घेऊ नका. धूर किंवा फुसफुस आवाज यायला लागला तर भिंतीवरचं बटण बंद करता आलं तर करा, माणसं बाहेर काढा, दार लावून घ्या आणि १०१ किंवा ११२ला फोन करा. तो धूर विषारी असतो, लॅपटॉप वाचवायला आत जायचं नाही.

आणखी एक, गोंदाने चिकटवलेल्या बॅटऱ्या. मॅकबुक आणि काही एकदम पातळ लॅपटॉपमध्ये सेल सरळ बॉडीला चिकटवलेले असतात, ते काढायला द्रावण सोडून, पट्टी सरकवून हळूहळू सोडवायला लागतात, त्यात सेल वाकायची भीती. ते घरी करू नका असंच मी सांगते. तुमचा कोणत्या प्रकारचा आहे ते कळण्यासाठी कंपनीच्या साईटवर मॉडेल टाकून सर्व्हिस मॅन्युअल शोधा, डेल, एचपी, लेनोवो तिघांचीही फुकट मिळतात, चित्रांसकट. डेलमध्ये मागच्या स्टिकरवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो तो टाकला की नेमकं तुमचंच मॅन्युअल येतं. ते आधी पूर्ण वाचा, मी इथे लिहितेय त्यापेक्षा तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल मोठं.

आणि वॉरंटी चालू आहे का तेही बघून घ्या. बॅटरीची बहुतेक वेळा एकच वर्ष असते, पण कोणी जास्तीची घेतलेली असते आणि विसरलेली असते.

लॅपटॉपवर खर्च करावा का हाही प्रश्न येतो. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ साधारण आठव्या पिढीच्या इंटेलपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. माझा दहाव्या पिढीचा आहे, अजून तीन-चार वर्षं आरामात जाईल, म्हणून दोन-तीन हजार घालायला मी मागेपुढे पाहिलं नाही. आठव्या पिढीहून जुना असेल तर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून वापरणार असाल तरच घाला.

आता बॅटरी आणायची. इथेच सगळे फसतात आणि मीसुद्धा पहिल्यांदा फसले.

लॅपटॉपच्या मॉडेल नंबरवरून बॅटरी घेऊ नका. एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन वेगवेगळ्या बॅटऱ्या टाकते. लॅपटॉप उघडून जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर वाचा, फोटो काढा, आणि तोच नंबर मागा. माझ्यात वायआरडीडी६ आहे, ११.४ व्होल्ट, ४२ वॉट-आवर, तीन सेलची. आणि इन्स्पिरॉनच्याच दुसऱ्या मॉडेलांमध्ये डब्ल्यूडीएक्स०आर येते, तीही ११.४ आणि ४२, लांबून बघितलं तर जुळी बहीण, पण नंबर वेगळा तर बॅटरी वेगळी समजायची. म्हणजे लॅपटॉप दोनदा उघडायला लागतो, एकदा नंबर बघायला आणि एकदा बदलायला. लागू दे. पहिल्यांदा नुसता उघडून बंद केलात की हातही बसतो.

लेबलवरचे आकडे वाचायला शिकून घ्या. वॉट-आवर म्हणजे टाकीत किती मावतं. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-आवर बरोबर वॉट-आवर, म्हणजे ११.४ गुणिले साधारण ३.७ म्हणजे ४२ झाले. आता एखादा विक्रेता त्याच आकाराच्या त्याच नंबरच्या बॅटरीवर ५२०० एमएएच, म्हणजे ५.२ ॲम्पिअर-आवर, छापून विकत असेल तर गुणाकार करून बघा, ५९ वॉट-आवर येतात, तेवढ्याच डब्यात ते कुठून मावणार? तो आकडा खोटा आहे, सोडून द्या. व्होल्टेज तर जुळलंच पाहिजे, ११.४च्या जागी १४.८ची कधीच चालणार नाही, आणि ११.१ म्हणजे जवळपास तेच ना असंही नाही, कारण त्या सेलची भरायची मर्यादा वेगळी असते.

भारतात विकायच्या अशा बॅटरीवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी लागते. लेबलवर आयएस १६०४६ आणि आर अक्षराने सुरू होणारा नंबर शोधा, बीआयएस केअर नावाचं ॲप आहे त्यात तो नंबर टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर नोंदवलाय ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि दुकानात उभं राहून करता येतं. मी पहिली बॅटरी ऑनलाईन सगळ्यात स्वस्त बघून नऊशे रुपयात घेतली होती, तिच्यावर हा नंबरच नव्हता, लेबलवर इंग्रजीत वॉर्निंगचं स्पेलिंग चुकलेलं, हातात घेतली तर जुनीपेक्षा हलकी. लावली, एक महिना बरी चालली, तिसऱ्या महिन्यात रिपोर्ट काढला तर २०,०००च्या खाली. आणि मुख्य म्हणजे चार्ज होताना गरम व्हायची, डाव्या हाताच्या तळव्याखाली जाणवायचं इतकी. काढून टाकली. त्यानंतर ओरिजिनल घेतली, पुण्याला गेले होते तेव्हा बुधवार पेठेत तापकीर गल्लीत दोन-तीन दुकानं फिरले, एका ठिकाणी जुनी बॅटरी शेजारी ठेवून नंबर, व्होल्ट, कनेक्टर, स्क्रूच्या भोकांची जागा सगळं जुळवून बघितलं, बिल घेतलं आणि बिलावर पार्ट नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घेतली. मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोड आहेच. ऑनलाईन घ्यायची तर पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, आणि लेबलवर बनवल्याची तारीख बघा, दोन-तीन वर्षं गोदामात पडलेली बॅटरी नवी असली तरी म्हातारीच.

परदेशातून येणाऱ्या कोणाला आणायला सांगणार असाल तर सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिन बॅगेतच, कनेक्टरवर टेप लावून. १०० वॉट-आवरच्या आतली असेल तर चालते, आणि लॅपटॉपच्या जवळजवळ सगळ्या त्याच्या आतच असतात.

हत्यारं फार लागत नाहीत. प्लसचे दोन बारीक स्क्रू ड्रायव्हर, पीएच१ आणि पीएच०, टोकाला चुंबक असेल तर बरं. कव्हर उघडायला जुनं सिमकार्ड ज्यात यायचं ते प्लास्टिक कार्ड किंवा गिटारची पिक. सुरी, चाकू, चपटा स्क्रू ड्रायव्हर काहीही नको, कव्हरच्या कडा तर खराब होतातच पण आत सरकला तर सरळ बॅटरीत. आणि एक मऊ ब्रश, त्याचं काम पुढे सांगते.

सुरू करायच्या आधी कामाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा लांबलचक नंबर, आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन कागदावर उतरवून ठेवा. नुसती बॅटरी बदलल्यावर ती सहसा मागत नाही, पण बायोसच्या सेटिंग उडाल्या तर मागू शकतो आणि तेव्हा ती त्याच लॅपटॉपमध्ये अडकलेली असली की काय उपयोग. बॅटरी वापरून २५ टक्क्यांच्या खाली आणा, कारण चुकून काही झालं तर भरलेल्या सेलपेक्षा रिकामा सेल कमी धोकादायक. मग शटडाऊन करा, स्लीप नाही, शटडाऊन. चार्जर, माऊसचा डोंगल, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड सगळं काढा.

लाकडी टेबल, त्यावर सुती चादर, भरपूर उजेड. नायलॉनचे कपडे, स्वेटर घालून बसू नका, आणि आत हात घालायच्या आधी खिडकीच्या गजाला किंवा नळाला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, मी मंगळसूत्रसुद्धा आत टाकून वरून ओढणी बांधते कारण वाकल्यावर ते लोंबतं आणि ते धातूचंच आहे. लहान मुलांना थोडा वेळ दुसऱ्या खोलीत पाठवा.

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूचं चित्र काढा, चौकोन काढला तरी चालतं. जिथला स्क्रू काढाल तिथेच कागदावर चिकटपट्टीने तो चिकटवा. हे फार महत्त्वाचं आहे कारण सगळे स्क्रू सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब घातला की तो वरती कीबोर्डच्या बाजूला टेंगूळ काढतो किंवा आत मदरबोर्डला लागतो. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्याचा एक स्क्रू काढून तो आधी बाहेर ओढायचा. बिजागरीजवळचे काही स्क्रू गोल फिरत राहतात पण बाहेर येत नाहीत, ते तसेच असतात, कव्हरलाच अडकवलेले, त्यांच्या मागे लागू नका. काही लॅपटॉपमध्ये रबराच्या पायाखाली स्क्रू लपवलेले असतात, कव्हर एका जागी अजिबात सुटत नसेल तर जोर लावायच्या आधी तिथलं रबर उचलून बघा. स्क्रू ड्रायव्हर नेहमी सरळ उभा धरून आधी दाबायचं आणि मग फिरवायचं. खाच गुळगुळीत झाली असेल तर मध्ये रुंद रबरबँड ठेवून फिरवा, पकड येते.

स्क्रू झाले की बिजागरीच्या कोपऱ्यात फट असते तिथून कार्ड सरकवा आणि कडेकडेने पुढे जा. कट् कट् आवाज येतात, पहिल्यांदा ऐकल्यावर छाती धडधडते की काहीतरी मोडलं, पण ते प्लास्टिकचे लॉक सुटल्याचे आवाज आहेत. कार्ड अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा आत घालू नका. पूर्ण वेढा झाला की कव्हर सरळ वर उचला, सावकाश, खालून एखादी वायर जोडलेली नाही ना ते डोकावून बघत.

आता समोर सगळं उघडं. पुढच्या बाजूला, टचपॅडच्या आसपास, काळी लांबट चपटी वस्तू ती बॅटरी. लगेच हात घालू नका. फोटो काढा, एक लांबून आणि एक कनेक्टरचा अगदी जवळून, वायर कशी कुठल्या खोबणीतून गेलीय ते दिसेल असा.

पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. कुठलाही दुसरा स्क्रू, कुठलीही दुसरी वायर त्याच्या आधी नाही. माझ्यात काळ्या-लाल वायरींचा एक जुडगा बोर्डवरच्या पांढऱ्या खोक्यात गेलेला आहे, ते प्लग बोर्डला समांतर मागे सरकवून निघतं. काही लॅपटॉपमध्ये वर उचलून निघतं, काहींत तारेची एक कडी असते ती आधी पलटवायची. नीट बघितल्याशिवाय जोर लावू नका, कारण चुकीच्या दिशेने ओढलं तर बोर्डवरचं खोकंच उखडून येतं आणि मग बोर्ड दुरुस्तीला. वायर धरून ओढायचं नाही, प्लगच्या दोन्ही कानांना नखं लावून जरा एक बाजू, जरा दुसरी बाजू, असं तीळ-तीळ सरकवत आणायचं. माझी पहिल्यांदा पाच मिनिटं नुसती एवढ्यावर गेली. निघालं की एकदम हलकं होतं, हाताला कळतं. मग लॅपटॉप तसाच अलगद उलटवून पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा, आत साठलेला चार्ज निघून जातो.

बॅटरीचे स्क्रू काढा, माझ्यात चार होते, तेही कागदावर चिकटवा, आणि बॅटरी एका बाजूने उचलून बाहेर घ्या. सहज उठली पाहिजे. उठत नसेल तर कुठेतरी स्क्रू राहिलाय किंवा खाली टेप आहे, खालून काही घालून उचकटायचं नाही. जुनी आणि नवी शेजारी शेजारी ठेवा, नंबर, कनेक्टर, वायरची लांबी, भोकं परत एकदा जुळवा.

बॅटरी बाहेर आहे तोवर पंखा साफ करून घ्या, ही संधी परत लवकर येत नाही. पात्याला एक बोट लावून धरा म्हणजे फिरणार नाही आणि ब्रशने धूळ काढा. माझ्या पंख्याच्या जाळीवर राखाडी नमद्यासारखा थर बसला होता, चिमटीत धरून अख्खा निघाला, आणि नंतर लॅपटॉप तापायचाही कमी झाला, जे नव्या बॅटरीसाठीही चांगलंच.

नवी बसवायची ती आधी खोबणीत नीट टेकवून, वायर कुठे चेपत नाही हे बघून, स्क्रू लावून, आणि शेवटी कनेक्टर. सरळ रेषेत, दोन्ही बाजूंनी सारखा आत जाईपर्यंत. अर्धवट बसला तर कधी चालेल कधी नाही. स्क्रू घट्ट झाला की थांबा, पिळू नका, खाली प्लास्टिकच आहे. बॅटरीवर मार्करने तारीख लिहून ठेवा. कव्हर बसवताना कडेकडेने दाबत जा, पुन्हा कट् कट् होईल, मग कागदावरचे स्क्रू जागच्या जागी.

चालू करायच्या आधी चार्जर लावा. बऱ्याच नव्या बॅटऱ्या झोपवून पाठवलेल्या असतात, चार्जर लागल्याशिवाय त्या जाग्याच होत नाहीत, आणि लोक बटण दाबून दाबून घाबरतात की बोर्ड गेला. पहिल्यांदा चालू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, तारीख-वेळ चुकलेली दिसू शकते, ती नीट करा. एफ२ने बायोसमध्ये जाऊन बॅटरी ओळखली का ते बघा, आणि विंडोजमध्ये परत तो रिपोर्ट काढा. फुल चार्ज कपॅसिटी डिझाईनच्या जवळपास पाहिजे आणि सायकल काउंट शून्य किंवा एक-दोन. नव्या म्हणून घेतलेल्या बॅटरीत काउंट दीडशे दिसला तर ती कोणाची तरी जुनी आहे, बिल घेऊन दुकानात जा.

पहिलं चार्जिंग तुम्ही जागे असताना, समोर असताना करा, गादीवर नाही, टेबलावर. कोमट होणं ठीक, चटका बसेल इतकी गरम होणं ठीक नाही. १०० टक्के झाली की चार्जर काढून १० टक्क्यांपर्यंत वापरा आणि परत पूर्ण भरा, हे एकदाच, म्हणजे टक्के बरोबर दाखवायला लागते. आठ तास, बारा तास चार्ज करा असं जे सांगतात ते जुन्या काळच्या वेगळ्या बॅटऱ्यांचं आहे, याला लागू नाही. माझं ब्राउझर आणि टॅलीचं काम दहा वॉटच्या आसपास घेतं, ४२ वॉट-आवरमध्ये चार तास मिळतात आणि खरंच मिळतायत.

आणि मर्यादा लावा, हे सगळ्यात कमी लोक करतात. माझ्यासारखं दिवसभर चार्जरवर काम असेल तर ८० टक्क्यांना चार्जिंग थांबेल अशी सेटिंग असते. डेलमध्ये बायोसमध्ये किंवा पॉवर मॅनेजरमध्ये कस्टम निवडून ५० आणि ८० टाका, लेनोवोच्या व्हँटेजमध्ये कॉन्झर्व्हेशन मोड आहे, आसूसच्या मायआसूसमध्ये बॅटरी केअर. लाईट जाण्याची भीती असते त्या दिवशी, महिन्याच्या वीस तारखेला म्हणजे रिटर्नच्या दिवशी, मी ती काढून १०० करते आणि दुसऱ्या दिवशी परत ८०. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत लॅपटॉप ठेवून बाजारात जाऊ नका.

राहिली जुनी बॅटरी. घंटागाडीत टाकू नका, कृपा करून. गाडीत कचरा दाबला जातो, तिथे सेल फुटला तर आग त्या गाडीवरच्या माणसांच्या हातात. भंगारवाल्यालाही देऊ नका, तो तांब्यासाठी फोडून बघतो. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यातून वेगळी देणं आपलं काम आहे आणि परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, म्हणून आधी ज्या दुकानातून नवी घेतली तिथे विचारा, काही जण घेतात. नाहीतर अधिकृत ई-कचरा गोळा करणारे, त्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साईटवर मिळते. तोपर्यंत कनेक्टरवर इन्सुलेशन टेप गुंडाळून, वाकवू न देता, ऊन आणि पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. माझ्या दोन्ही, ती ओरिजिनल जुनी आणि ती नऊशेवाली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वाळू घालून गॅलरीत ठेवल्यात, डब्यावर मोठ्या अक्षरात बॅटरी, हात लावू नये असं लिहून, आणि पुढच्या वेळी पुण्याला जाईन तेव्हा देऊन येणार आहे.